जुन्या मोटारींच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलगळती व अतितापन

जुन्या मोटारींच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलगळती व अतितापन हे परस्परांशी निगडित असलेले दोन यांत्रिक दोष होत. तेल कमी झाले की गिअरबॉक्स तापतो आणि तापलेल्या गिअरबॉक्सची रबरी ऑइल सील कडक होऊन तडकल्यामुळे गळती वाढते. हे चक्र वेळीच न थांबल्यास आतील घर्षणपट्ट्या जळतात. सातारा जिल्ह्यातील खंबाटकी, पसरणी व आंबेनळी या घाटांत आणि सांगली जिल्ह्यातील कडक उन्हाळ्यात हे दोष विशेष लवकर उघडकीस येतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल मोटारींसाठी आणला. १९५० साली शेव्हरोले मोटारींत दोन गतींचा ‘पॉवरग्लाइड’ आला. भारतात दीर्घकाळ तयार झालेल्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींचे गिअर प्रामुख्याने हाताने बदलावे लागत. त्यामुळे येथे आढळणाऱ्या जुन्या स्वयंचलित मोटारी बहुतांशी आयात केलेल्या असतात. त्यांचे सुटे भाग सहज मिळत नसल्याने गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी अचूक निदान होणे महत्त्वाचे ठरते.

तेलाचे कार्य

या गिअरबॉक्समधील तेल केवळ वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातूनच पुढे जाते. क्लच व बँड यांना दाबून धरण्याचे काम तेलाचा दाब करतो, आणि आतील उष्णता बाहेर नेण्याचे कामही तेलच करते. ओळखण्यास सोपे जावे म्हणून या तेलात सहसा लाल रंग मिसळलेला असतो.

तापण्याची कारणे

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडील पाती व गिअरबॉक्सकडील पाती यांच्या वेगांत फरक पडतो. यालाच ‘स्लिप’ म्हणतात. कमी वेग व जास्त भार असताना हा फरक वाढतो आणि वाया गेलेली शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात सुमारे ६०० मीटरची चढण आहे. अशा चढणीवर, किंवा गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे रांगत जाताना, गिअरबॉक्सवर मोठा ताण पडतो. चढणीवर खालचा गिअर निवडल्यास इंजिनाचे फेरे वाढून स्लिप कमी होते व तेल तुलनेने थंड राहते.

तेलाचे सर्वसाधारण तापमान ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. त्यापुढे दर सुमारे ११ अंशांच्या वाढीने तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. अनेक मोटारींत हे तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या कूलरमधून फिरते. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्यास क्षारांचे थर साचतात. परिणामी इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही तापतो. कूलरची नळी चेमटणे, आतील क्लच घसरणे आणि टॉर्क कन्व्हर्टरमधील स्टेटर अडकून राहणे ही अन्य कारणे होत.

गळतीचे निदान

गळतीचा शोध गाडीखालचा भाग स्वच्छ धुऊन व पुसून सुरू होतो. धावत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरते, म्हणून सर्वांत ओला भाग हे गळतीचे मूळ असेलच असे नाही. सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला ठिपका मुळाच्या जवळ असतो. रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरल्यास थेंबांची जागा व रंग दोन्ही कळतात. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून काळपट तेल आले तर दोष इंजिनाच्या मागील सीलचा, आणि लाल आले तर बहुधा गिअरबॉक्सच्या पुढील पंपाच्या सीलचा असतो. मात्र अनेक जुन्या मोटारींच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल तेल असते, हे ध्यानात ठेवावे लागते.

तेलाच्या पॅनचे गॅस्केट, मागील शाफ्टचे सील, गिअर निवडणाऱ्या दांड्याचे सील व कूलरच्या नळ्यांचे सांधे या गळतीच्या नेहमीच्या जागा होत. गाडी अनेक आठवडे उभी राहिल्यास कन्व्हर्टरमधील तेल खाली पॅनमध्ये उतरते व पातळी वाढून वरच्या सीलमधून झिरपते. अशी गळती गाडी वापरात असताना दिसत नाही. काही गिअरबॉक्समध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. त्याचा पडदा फाटल्यास तेल इंजिनात ओढले जाऊन जळते. जमिनीवर थेंबही न पडता पातळी उतरत असेल व धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर प्रथम हा भाग तपासतात.

तेलाची परीक्षा

पातळी सहसा गाडी सपाट जागी उभी करून, तेल गरम व इंजिन चालू असताना डिपस्टिकने पाहतात. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये ही तपासणी न्यूट्रलमध्ये करावी लागते. पारदर्शक लाल तेल निरोगी समजले जाते. तपकिरी रंग व करपट वास ही अतितापनाची खूण होय. फेस आल्यास तेल गरजेपेक्षा जास्त किंवा फार कमी असण्याचा संभव असतो. दुधाळ गुलाबी रंग म्हणजे पाण्याचा शिरकाव. तो बहुधा रेडिएटरमधील कूलर फुटल्याने होतो.

सांगली परिसरात याला आणखी एक कारण आहे. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुराने सांगलीत पाणी शिरले. पुरात बुडालेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हवेच्या छिद्रातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून पाणी जाऊ शकते. पाण्याने घर्षणपट्ट्यांचा डिंक सुटतो. म्हणून अशी गाडी सुरू करण्यापूर्वी तेल तपासणे व पाणी आढळल्यास कन्व्हर्टर आणि कूलरसह सर्व तेल काढणे आवश्यक असते.

घाटात घ्यावयाची दक्षता

तप्त एक्झॉस्टवर तेल पडल्यास आग लागू शकते. त्यामुळे धूर किंवा करपट वास येताच गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करतात. बंद पडलेली गाडी ओढून नेतानाही सावधगिरी लागते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मागील पंप नसतो. इंजिन बंद असताना त्यांना वंगण मिळत नाही. मागील चाकांवर चालणारी अशी गाडी चाके जमिनीवर टेकवून लांबवर ओढल्यास किरकोळ गळतीचा दोष संपूर्ण गिअरबॉक्सच्या नाशापर्यंत जातो. मागील चाके उचलणे, प्रोपेलर शाफ्ट सोडवणे किंवा गाडी ट्रकवर चढवणे हे त्यावरील सुरक्षित उपाय होत.