पिंजऱ्यातला मिठू आणि त्याचे कागद

टेंभी नाक्याच्या जुन्या चाळींत गॅलरीतला पिंजरा आणि ‘मिठू मिठू’ ही हाक कुणाला नवी नाही. पण तो मिठू, म्हणजे गळ्यात लाल कंठ असलेला आपला देशी पोपट, कायद्याने पाळताच येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याची घरगुती नोंदणी होत नाही. ‘करून देतो’ म्हणणारा विक्रेता सरळ थापा मारतो.

नोंदणी आहे ती विदेशी पक्ष्यांसाठी. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा पाळणाऱ्यांनी 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची असते. बजरीगर आणि कॉकॅटील यांना ती लागत नाही.

ओळख पटते पायातल्या कड्यावरून. अखंड कडं पिल्लू काही दिवसांचं असतानाच चढतं. पंजा वाढला की चढत नाही. म्हणून सांधा असलेलं कडं दिसलं तर शंका घ्यावी. दुसरा उपाय कातडीखालची मायक्रोचिप.

घरात देशी पोपट असेल तर खिडकीतून सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला बाहेर तगत नाही. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.