गाडी युरोपची, पार्ट कुठले?

चिचगडमध्ये कोणी ड्यूक किंवा ट्रायम्फ घ्यायची म्हटली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "नको घेऊ भाऊ, पार्ट भेटत नाही." सल्ला देणाऱ्याची काळजी खरी असते. देवरीला राष्ट्रीय महामार्ग सोडून जंगलाच्या वाटेनं आत आलं की हे गाव लागतं. नागपूर एका बाजूला, रायपूर दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही दीडशे किलोमीटरांच्या आसपास. गाडी अडली तर ती पिकअपमध्ये टाकून न्यावी लागते आणि त्या दिवसाचा रोजगारही बुडतो. तरीही अडीच-तीन लाखांचा निर्णय ऐकीव गोष्टींवर घ्यायचा नसतो आणि ऐकीव गोष्टींवर टाळायचाही नसतो. म्हणून या विषयावर नेहमी कानावर पडणारे समज एकेक करून तपासू.

गैरसमज १: युरोपी गाडीचा प्रत्येक पार्ट युरोपातून येतो.

वस्तुस्थिती: आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक युरोपी नावाच्या गाड्या भारतातच बनतात, आणि त्यांतल्या कितीतरी महाराष्ट्रात. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाज ऑटोनं २००७ मध्ये भागीदारी घेतली. जानेवारी २०१२ मध्ये ड्यूक २०० बाजारात आली, ती पुण्याजवळच्या चाकणमधून. जानेवारी २०२३ मध्ये याच कारखान्यातून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. ब्रिटनच्या ट्रायम्फशी बजाजनं जानेवारी २०२० मध्ये करार केला. जुलै २०२३ मध्ये २.३३ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आलेली स्पीड ४०० चाकणचीच. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं २०१३ मध्ये टीव्हीएसशी हातमिळवणी केली आणि २०१८ मध्ये आलेल्या जी ३१० आर व जी ३१० जीएस या गाड्या तामिळनाडूत होसूरला बनल्या. इटलीच्या पिआज्यो समूहाची एप्रिलिया आरएस ४५७ बारामतीत तयार होते. ड्यूकच्या ब्रेक कॅलिपरवरचं 'बायब्रे' हे नावही इटलीच्या ब्रेम्बो कंपनीनं छोट्या गाड्यांसाठी काढलेल्या ब्रँडचं आहे आणि त्याचा कारखाना पुणे परिसरात आहे.

म्हणजे या गाड्यांचा पार्ट सहसा समुद्र ओलांडून येत नाही. तो पुण्याहून किंवा होसूरहून निघतो आणि कंपनीचा डेपो, डीलर असा प्रवास करत येतो. उशीर होतो तो या साखळीत.

गैरसमज २: युरोपी म्हटलं की सगळ्या गाड्यांची गत एकच.

वस्तुस्थिती: टाकीवरचं नाव बाजूला ठेवून गाडी कशी आली ते विचारा. इथे तीन प्रकार आहेत: भारतात बनलेली, सुटे भाग आणून इथे जोडलेली, आणि पूर्ण तयार आयात केलेली. सरकारही हा फरक करतं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या तयार आयात मोटरसायकलींवरचं मूळ सीमाशुल्क ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. अर्धवट जोडलेल्या संचावरचं २५ वरून २० टक्के झालं आणि पूर्ण सुट्या संचावरचं १५ वरून १० टक्के.

पार्टच्या बाबतीतही उतरंड हीच. भारतात बनलेल्या गाडीला पार्टची काळजी सगळ्यात कमी. आयात केलेली मोठी डुकाटी असेल तर देशभरात तिच्या जातीच्या गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे डेपोतला साठाही मोजका. त्यात डुकाटीच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगऐवजी वेगळा रॉकर असतो. त्याला 'डेस्मो' म्हणतात आणि त्याची गॅप बसवायला शिकलेला हात आणि योग्य जाडीच्या चकत्या लागतात. अशी गाडी स्वस्तात सेकंडहँड मिळाली म्हणून गावात आणणं म्हणजे पुढच्या प्रत्येक मोठ्या सर्व्हिसला शहर गाठण्याची तयारी ठेवणं.

गैरसमज ३: काउंटरवर "नाही" म्हणाले, म्हणजे पार्ट कुठेच नाही.

वस्तुस्थिती: डीलर रोज खपणारा माल ठेवतो. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट ही त्यातली नावं. वायरिंग, हेडलाइट, फोर्कचा पाइप, साइड पॅनल अशा वस्तू वर्षाकाठी एखाददुसऱ्या गिऱ्हाइकाला लागतात, म्हणून त्या ऑर्डर देऊन मागवाव्या लागतात. गाडी त्या पार्टवाचून उभीच असेल तर बहुतेक कंपन्यांत तातडीची वेगळी ऑर्डर असते. काउंटरवर तिला 'व्हीओआर' म्हणतात. गिऱ्हाइकानं हे नाव घेऊन मागितलं तर साध्या ऑर्डरच्या रांगेतून सुटका होऊ शकते.

ऑर्डर देताना फोनवर "ड्यूकचं ते पुढचं" असं सांगून भागत नाही. आरसीवरून चेसिस नंबर पाठवा आणि पार्टचा फोटो पाठवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हा एकाच नावाच्या गाडीचं सायलेन्सर, सेन्सर, वायरिंग असं बरंच काही बदललं. चेसिस नंबरवरून मागवलेला पार्ट सहसा चुकत नाही. अंदाजानं मागवलेला चुकला तर परत पाठवण्यात आणखी आठवडे जातात. आगाऊ रक्कम दिली तर पावती घ्या, तिच्यावर पार्ट नंबर आणि ऑर्डरची तारीख लिहून घ्या. मग पार्ट आला की कुरिअरनं किंवा पार्सलनं देवरीपर्यंत मागवता येतो. एका सीलसाठी नागपूरची दोन वेळा वारी करण्याची गरज नाही.

गैरसमज ४: बजाज बनवते ना, मग पल्सरचा पार्ट बसेल.

वस्तुस्थिती: नातं आहे, पण पार्ट अदलाबदलीचे नाहीत. पल्सर एनएस २०० आणि पहिली ड्यूक २०० यांची इंजिनं एकाच घराण्यातली. ड्यूकच्या हेडमध्ये मात्र दोन कॅमशाफ्ट, तर एनएसमध्ये एकच कॅमशाफ्ट आणि तीन स्पार्क प्लग. डॉमिनार ४०० आणि जुन्या ड्यूक ३९० चंही तसंच: मूळ इंजिन एक, वरचा भाग वेगळा. खालच्या भागातला एखादा पार्ट जुळूही शकतो, पण तो पार्ट नंबर ताडून ठरवायचा, नुसता डोळ्यांनी पाहून नाही.

शोरूमचंही तेच. केटीएम आणि ट्रायम्फ यांची विक्री-सेवा वेगळ्या डीलरांकडे असते. जवळ बजाजचं शोरूम दिसलं म्हणून तिथे ड्यूकची वॉरंटी चालेल असं गृहीत धरू नका. होसूरच्या बीएमडब्ल्यूचं काम टीव्हीएसच्या काउंटरवर होईल असंही समजू नका.

गैरसमज ५: गावातल्या मिस्त्रीला या गाडीचं काहीच जमणार नाही.

वस्तुस्थिती: बरंच काही जमतं, कारण गाडीतल्या अनेक वस्तू जगभर एकाच मापाच्या असतात. चाकातलं बेअरिंग काढून पुसा. कडेला नंबर कोरलेला दिसेल. ६२०४ असेल तर आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. ६२०२ असेल तर १५, ३५ आणि ११. पुढे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. '२झेड' असेल तर पत्र्याची झाकणी. हेच बेअरिंग पाण्याच्या मोटारीतही असतं आणि धान मिलच्या यंत्रातही. चांगल्या कंपनीचं त्याच नंबरचं बेअरिंग गोंदियाच्या बाजारातून आणून बसवलं तर चाकाला फरक कळत नाही. ऑइल सीलवरही तीन आकडे असतात: आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. ड्यूक ३९० आणि स्पीड ४०० दोन्हींना पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० मापाचे, १७ इंची टायर लागतात, आणि ते भारतीय कंपन्याही बनवतात.

तेलाचा डबा उलटून पाहा. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच हवा आणि त्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं हवं, कारण या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडलेला असतो. कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो. रेडिएटरमध्ये कूलंटच घाला, बोअरचं पाणी नको. क्षारांनी आतले मार्ग बुजतात आणि मे महिन्याच्या उन्हात गाडी तापू लागते.

मर्यादाही स्पष्ट आहे. इंजिनाच्या आतलं काम, फ्युएल पंप, एबीएस, ईसीयू आणि सेन्सर यांना कंपनीचा पार्ट आणि तपासणीचं यंत्र लागतं. तिथे जुगाड करू नये. ब्रेकच्या बाबतीत तर कधीच नाही.

गैरसमज ६: बाहेर हात लावला की वॉरंटी संपली.

वस्तुस्थिती: वॉरंटीची पुस्तिका वाचली तर चित्र वेगळं दिसतं. ठरलेल्या अंतराच्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करण्याची अट बहुधा असते आणि ती पाळावीच. पंक्चर काढलं, टायर बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, असा ठपका होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी दाखवली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असंही आयोगानं त्या आदेशात सांगितलं. तो आदेश कारबद्दल होता आणि पुढे अपिलात गेला, तरी ग्राहकाच्या बाजूचा मुद्दा त्यानं ठळक मांडला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यातल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत.

गैरसमज ७: कंपनी अडचणीत आली म्हणजे गाडी भंगारात गेली.

वस्तुस्थिती: दोन्ही प्रकारची उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर घडली. बेनेली हे नाव इटलीचं, मालकी २००५ पासून चीनच्या कियानजियांगकडे. भारतात ती पुण्याच्या डीएसके समूहानं आणली. २०१८ मध्ये हा समूह आर्थिक संकटात कोसळला आणि गाड्या विकत घेतलेले लोक पार्ट आणि सर्व्हिससाठी अधांतरी राहिले. त्याच वर्षी हैदराबादच्या महावीर समूहाशी नवा करार झाला, तेव्हा कुठे सेवा पुन्हा उभी राहू लागली. गाडी तीच होती आणि मूळ कंपनीही चालू होती. तुटला होता तो भारतातला दुवा.

याउलट केटीएमनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया स्वीकारली. तिथलं उत्पादन काही महिने थांबलं. बजाजनं ८० कोटी युरोंचं पाठबळ उभं केलं आणि २०२५ च्या अखेरीस कंपनीचं नियंत्रण हाती घेतलं. इथल्या ग्राहकाचा आधार चाकणला होता, म्हणून ऑस्ट्रियातल्या संकटाची झळ त्याला तितकी बसली नाही. इथे पार्ट कोण बनवतो, साठा कोण ठेवतो आणि तो जोडीदार किती भक्कम आहे, यावर गाडीचं आयुष्य ठरतं.

गैरसमज ८: तक्रार करायची तर पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागतात.

वस्तुस्थिती: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. चिचगडच्या माणसासाठी ते गोंदिया. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र हातात कागद हवा: जॉब कार्ड, ऑर्डरची पावती, डीलरशी झालेले मेसेज. तोंडी आश्वासन आयोगापुढे टिकत नाही.

मग घ्यावी की नाही?

घ्यावी, पण विचारून. गाडी कुठे बनते? मॉडेल चालू आहे की बंद होणार आहे? सर्वांत जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कोणतं आणि तिथल्या पार्ट काउंटरचा नंबर काय? दोन सर्व्हिसमधलं अंतर किती? स्पीड ४०० ला पहिल्या सर्व्हिसनंतर १६,००० किलोमीटरांचं अंतर दिलं आहे. दूरच्या गावाला असा आकडा मोठा दिलासा आहे. गाडी घेतानाच ऑइल फिल्टर, ब्रेक पॅडचा संच, क्लच केबल, दोन्ही लिव्हर, फ्यूज आणि ट्यूबलेस पंक्चर किट घरात आणून ठेवा. खेड्यातल्या रस्त्यावर गाडी पडली की पहिली लिव्हरच मोडते.

सगळा भार गिऱ्हाइकानं उचलावा, हेही बरोबर नाही. या कंपन्यांच्या जाहिराती चिचगडच्या पोराच्या मोबाइलवर पोहोचतात आणि त्याचं कर्ज एका दिवसात मंजूर होतं. मग पार्टही त्याच्यापर्यंत ठरलेल्या मुदतीत पोहोचला पाहिजे. तालुक्याच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेणाऱ्या कंपनीनं पार्ट किती दिवसांत देणार ते विक्रीच्या वेळीच लेखी द्यावं. आणि आपण ते मागितल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नयेत.