सरनाम्यातले 'आम्ही' आणि जॉन्सनव्हिलचे आपण

२६ जानेवारी आणि ६ फेब्रुवारी या तारखांत अंतर अवघे अकरा दिवसांचे. एक आपला प्रजासत्ताक दिन, दुसरा इथला वाइतांगी दिन. प्रजासत्ताक दिनाला मुलांनी घटनेचा सरनामा मराठीतून म्हणावा, अशी सूचना निघाली आणि आम्हा जॉन्सनव्हिलकर पालकांत चर्चा रंगली. ज्या पोरांचा पासपोर्ट रुपेरी नेच्याचा, काळा, त्यांनी 'आम्ही, भारताचे लोक' असं म्हणायचं तरी कसं?

प्रश्न रास्त आहे आणि कायद्याचं उत्तर रोखठोक आहे. न्यूझीलंडला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. हाती उरते ते ओसीआय कार्ड. त्यावर व्हिसा लागत नाही, पण मतही देता येत नाही.

पण सरनामा म्हणजे नुसता नागरिकांचा हजेरीपट नव्हे. आम्हा इंजिनियर मंडळींच्या भाषेत सांगायचे तर कंत्राटाच्या कागदपत्रांत सुरुवातीलाच कामाचा उद्देश लिहिलेला असतो. त्या पानावरून कोणी खांब उभा करत नाही, पण पुढच्या कलमांच्या अर्थावरून वाद झाला की सगळे तेच पान उघडतात. सरनाम्याचे तसेच आहे. सत्ता कोणाकडून आली, राज्य कोणत्या प्रकारचे, ते कशासाठी आणि घटना कधी स्वीकारली, या चार प्रश्नांची उत्तरे त्या एकाच वाक्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सरनामा घटनेचा भाग नाही असे म्हटले होते. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तो भाग आहे असा निर्वाळा दिला.

'आम्ही' मध्ये कोण कोण, हा वादही जुनाच. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला. सरनाम्याचे मूळ त्यात आहे. त्यावर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी दुरुस्ती सुचवली: मुस्लिम लीगचे सभासद आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभागृहात नाहीत, त्यांना यायला वेळ द्यावा, तोवर ठराव मंजूर करू नये. १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनीही थांबण्याच्याच बाजूने भाषण केले. ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग काही आली नाही. पण गैरहजर माणसांना धरून 'आम्ही' म्हणता येते का, असे विचारणारे हे दोघेही मराठी होते, एवढे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

त्या ठरावात 'बंधुता' हा शब्द नव्हता. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तो फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात घातला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीजींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता. पुढे १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामतांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली आणि सुरुवात लोकांपासूनच राहिली.

आता इथले बघू. न्यूझीलंडला एका पुस्तकात बांधलेली घटना नाही. १९८६ चा कॉन्स्टिट्यूशन ॲक्ट, १९९० चा बिल ऑफ राइट्स ॲक्ट, इतर कायदे आणि प्रथा, असा सगळा मिळून कारभार चालतो. सरनाम्याच्या जवळ जाणारे काही असेलच तर ते १८४० च्या वाइतांगी कराराचे प्रास्ताविक. आणि त्यात काय म्हटलंय? राणीची बरीच प्रजा इथे येऊन राहिली आहे, आणखी येतेच आहे. म्हणून राज्यव्यवस्था हवी आणि माओरींचे हक्क व मालमत्ता राखायला हवी. म्हणजे कराराचे कारणच मुळी बाहेरून येणारी माणसे! त्याच रांगेत, बरेच मागे, आपणही उभे आहोत.

कराराचे मजकूर दोन. इंग्रजीत राणीला 'सार्वभौमत्व' दिले, तर माओरीत 'कावानातांगा', म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार. सही करणाऱ्या पाचशेवर माओरींपैकी बहुतेकांनी माओरी मजकुरावर सही केली. तो वाद आजही मिटलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या करू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध हजारो लोक वेलिंग्टनच्या रस्त्यांवरून पार्लमेंटपर्यंत चालत गेले. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले.

मग पोरांनी काय करावं? आमच्या मते सरनामा जरूर म्हणावा. मात्र आधी त्यांना सांगावं की त्यातला मतदार तुम्ही नाही; हे तुमच्या आजी-पणजीच्या पिढीने स्वतःला दिलेलं वचन आहे. मतदार तुम्ही इथले. या देशात तर कायम निवासी माणसालाही वर्षभर राहिल्यावर मत देता येते; भारतात परक्या नागरिकाला ते मिळत नाही. बंधुतेला मात्र पासपोर्ट लागत नाही. ती शाळेतल्या माओरी मित्राशी आणि शेजारच्या सामोअन कुटुंबाशीही पाळता येते.

आणि वाइतांगी दिनाच्या आठवड्यात मुलांना घेऊन जॉन्सनव्हिलची गाडी पकडावी. वेलिंग्टन स्टेशनपासून जवळच, मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत, 'हे तोहू' या प्रदर्शनात कराराची मूळ पाने काचेआड ठेवली आहेत. काही पाने उंदरांनी कुरतडलेली आहेत. एवढा मोलाचा कागद असा कसा कुरतडू दिला, असे पोरं विचारतीलच. उत्तराची तयारी ठेवून जावे.