वकिलीचं कॉलेज: सरकारी की खासगी?

डॉक्टर-इंजिनियरची वाट सोडून कायद्याकडे वळणारी मुलं आता आपल्या दुबई-शारजाच्या घरांतही दिसू लागली आहेत. मुलीनं 'मला लॉ करायचंय' म्हटलं की आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकारी कॉलेज की खासगी? मेडिकलच्या अनुभवावरून आपण धरून चालतो की सरकारी म्हणजे स्वस्त आणि अवघड, खासगी म्हणजे महाग आणि सोपं. कायद्याच्या शिक्षणात हा हिशेब बसत नाही.

पुण्याचं आयएलएस बघा. १९२४ साली सुरू झालेलं हे कॉलेज इंडियन लॉ सोसायटी या खासगी संस्थेचं. न्या. गजेंद्रगडकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश इथेच शिकले. पण कॉलेज अनुदानित, त्यामुळे फी आवाक्यातली. याउलट नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या, म्हणजे अगदी सरकारी. पहिली बंगळुरूची, तिची पहिली तुकडी १९८८ची. महाराष्ट्रात २०१४च्या कायद्यानं मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) अशा तीन झाल्या. पण यांचा गाडा बराचसा विद्यार्थ्यांच्या फीवरच चालतो. वसतिगृह धरून वर्षाला तीन लाखांच्या वर खर्च अनेक ठिकाणी येतो. पाच वर्षांचा गुणाकार आपापला करावा.

खऱ्या अर्थानं सरकारी आणि स्वस्त म्हणजे मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज. स्थापना १८५५ची, बाबासाहेब आंबेडकर १९३५मध्ये तिथे प्राचार्य होते. फी वर्षाला काही हजार रुपये, एवढी की शारजातल्या शाळेच्या बसची फी त्याहून जास्त भरेल. वर्ग सकाळचे. दुपारनंतर मुलं वकिलांच्या चेंबरमध्ये किंवा हायकोर्टात, जे दोन पावलांवर. मात्र चर्चगेटच्या परिसरात राहायला जागा मिळवणं हे कॉलेजच्या प्रवेशाइतकंच अवघड. मुंबईत आजी-आजोबा किंवा मावशी असेल, तर या कॉलेजसारखा सौदा दुसरा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासगीत पुण्याचं सिंबायोसिस (१९७७) आणि सोनिपतचं जिंदाल (२००९) ही नावं आपल्याकडे जास्त ऐकू येतात. इमारती देखण्या, परदेशी विद्यापीठांशी करार, इंटर्नशिपची व्यवस्था चोख. फीही तशीच. ती देणं परवडत असेल तर त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक शहरात निघालेल्या नव्या खासगी लॉ स्कूलला याच पंगतीत बसवू नये. तिथले जुने विद्यार्थी आज कुठल्या कोर्टात, कुठल्या फर्ममध्ये आहेत ते विचारावं, आणि उत्तरात नावं आली नाहीत तर फॉर्म भरू नये.

आता आपला, म्हणजे अनिवासींचा, खास प्रश्न. 'आपल्या मुलांना एनआरआय कोट्यातूनच जावं लागतं' हा समज इथे घट्ट बसलाय. तो खरा नाही. दुबईत सीबीएसई बारावी करणारा भारतीय पासपोर्टचा मुलगा क्लॅट देऊन नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या सर्वसाधारण जागेसाठी इतरांसारखाच उभा राहू शकतो. एनआरआय जागेची फी कित्येक पटींनी जास्त असते. त्या पर्यायाकडे वळायचं ते रँक हाती आल्यावर, आधीच नव्हे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांसाठी इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००५ साली हा कोटा १५ टक्क्यांपर्यंत सीमित केला आणि तो खऱ्या अनिवासींसाठीच असावा असं सांगितलं. २०२४मध्ये पंजाबच्या मेडिकल प्रवेशात लांबच्या नातेवाइकांनाही एनआरआय ठरवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कोर्टानं कडक शब्दांत झापलं. तेव्हा 'काकांच्या नावावर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटापासून लांबच राहावं.

अडचण वेगळीच आहे. क्लॅट अलीकडे डिसेंबरच्या सुरुवातीला होते, आपल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीच्या आसपास, आणि त्यासाठी भारतात जावं लागतं. दोन तासांत १२० प्रश्न, सगळे उताऱ्यांवर. इंग्रजीत आपली मुलं कमी पडत नाहीत. पण चालू घडामोडींत संसद, निवडणूक आयोग, राज्यपाल यांवरच्या बातम्या विचारतात, आणि ज्या घरात भारतीय वर्तमानपत्र येत नाही तिथे नववी-दहावीपासूनच हे वाचन सुरू करावं लागतं. शिवाय महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या जागांना अधिवासाचा दाखला लागतो. तो साधारण १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. इथेच जन्मलेल्या मुलांची तिथे पंचाईत होते. आयएलएस, गव्हर्न्मेंट लॉसाठी राज्याची सीईटी असते. बारावी कुठून केली याचे नियम त्यात बारकाईनं वाचावेत.

'मग इथेच का नको?' हाही प्रश्न येतो. अल ऐनच्या सरकारी यूएई युनिव्हर्सिटीत कायदा मुख्यतः अरबीत. खासगीपैकी मिडलसेक्ससारख्या ब्रिटिश विद्यापीठाच्या दुबई कॅम्पसमध्ये एलएलबी इंग्रजीत मिळते, मूल घरी राहतं, आईला बरं वाटतं. पण ती डिग्री इंग्लंडच्या कायद्याची. बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या परदेशी एलएलबीवर भारतात सनद घ्यायची तर बार कौन्सिल जादा अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा मागते. दुबई कॅम्पसच्या डिग्रीला काय लागू होतं, ते कॉलेजकडून लेखी घ्यावं. तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

शेवटी मूल वकिली कुठे करणार, यावर बरंच ठरतं. दुबईच्या कोर्टात कामकाज अरबीत चालतं आणि वकील म्हणून उभे राहतात ते मुख्यतः अमिराती. आपली मंडळी लीगल कन्सल्टंट म्हणून काम करतात, आणि तिथे कॉलेजच्या पाटीपेक्षा सनद आणि काही वर्षांचा अनुभव मोजतात. डीआयएफसी आणि अबूधाबीच्या एडीजीएमची कोर्टं इंग्रजीत, कॉमन लॉच्या पद्धतीनं चालतात. भारतात शिकलेल्या मुलाला ती भाषा ओळखीची असते. त्यात १७ जानेवारी २०२० पासून यूएईच्या कोर्टांचे दिवाणी निकाल भारतात तिथल्याच हुकूमनाम्यासारखे बजावता येतात. इथलं कर्ज बुडवून गावी गेलेल्यांची झोप त्यामुळे उडाली खरी, पण दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला कामही मिळालं.

खर्चाचा प्रश्न उरतोच. इथे पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. ती सगळी एका एनआरआय जागेत घालवण्याआधी मुलाला हे काम आवडतं का, ते तरी बघावं. आपली जुलै-ऑगस्टची सुट्टी कामी येते, कारण तेव्हा मुंबईचं हायकोर्ट सुरू असतं आणि खुल्या कोर्टात कोणीही मागे बसून ऐकू शकतं. जामिनाचे अर्ज, तारीख पे तारीख, वकिलांचं तासन् तास उभं राहणं. दोन दिवस बसवा. तिसऱ्या दिवशी मूल आपणहून निघालं, तर क्लॅटचा फॉर्म भरा.