लक्ष्मीबाईंना लिहायला बसवलं म्हणून

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं की स्मरणार्थ भक्तीच्या वेळी जीवनवृत्तांत वाचतात. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून तो लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पुरुषांचा कागद भराभर भरतो. पंच होते, खजिनदार होते, इमारत फंडासाठी गावोगाव फिरले. बाईचा कागद मात्र जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मुलं-नातवंडं इथवर येतो आणि मग ठरलेल्या ओळीवर थांबतो: प्रार्थनाशील होत्या, आल्यागेल्याचं करत.

या आल्यागेल्याचं करण्यात काय काय मावलेलं असतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवापूर-साक्रीकडून पेशंट घेऊन धुळ्याला आलेल्या माणसांना दवाखान्यात डबा पोचवायचा. त्यांच्यातल्या बाळंतिणीला घरी आणून शेकशेगडी करायची. घरात मयत झाली की बाईला आंघोळ घालायला पुढे व्हायचं. रविवारच्या शाळेतल्या पोरांच्या उवा काढायच्या, आणि नाताळात सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या शेवटी भांडी घासायची. अशा एका आजींना त्या हयात असतानाच मी विचारलं होतं, तुमच्याबद्दल काय लिहू? त्या अहिराणीत म्हणाल्या, "मी काय करं व माय?" यापुढे त्यांना बोलता येईना, आणि मला पुढचं विचारता येईना.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचाही कागद याच ओळीवर संपला असता. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी, प्रार्थनाशील होत्या, आल्यागेल्याचं करत. एवढंच उरलं असतं. त्यांच्या मुलाने त्यांना आठवणी लिहायला बसवलं, म्हणून मराठीला 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मिळालं.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात जन्मल्या. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. अकरा-बारा वर्षांच्या असताना, १८८० साली, त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. शाळा अशी त्यांना मिळालीच नाही. टिळक कवी होते, विद्वान होते आणि संसाराच्या बाबतीत भोळे होते. हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कुणा गरजवंताकडे गेलेला असायचा. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तिकडे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. चार-पाच वर्षांचा तो वियोग 'स्मृतिचित्रे'त वाचताना आजही जीव कासावीस होतो. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या तेव्हाही त्यांनी आपलं स्वयंपाकपाणी सोवळ्यातच ठेवलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पान यानंतरचं आहे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. देवाला माणसांत भेद करायचा असता तर प्राण्यांत जसे वेगळे आकार केले तसे माणसांतही केले असते, असं त्यांच्या मनाने घेतलं. नवऱ्याच्या किंवा मिशनऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या विचाराने त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आमच्याकडे धर्मांतर म्हटलं की लोक लगेच बाजू घेतात. त्यांनी हे पान एकदा शांतपणे वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या बाईच्या माहेरी मीठ धुतलं जायचं, ती पुढे ज्यांना गावाने दूर ठेवलं त्यांच्या लेकरांना आपल्या ताटाशी बसवून भरवू लागली.

ते दिवसही कठीण होते. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, त्याच्या मागेपुढे प्लेग. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या अनाथाश्रमांत आणि बोर्डिंगांत उपाशी मुलांची रीघ लागली होती. साथीत आजारी पडलेल्या मुलांच्या उशापायथ्याशी लक्ष्मीबाई बसल्या. टिळक वाटेत भेटेल त्याला घरी आणत, आणि आणलेल्याचं पुढचं सगळं लक्ष्मीबाईंच्या अंगावर येई. घरात पीठ आहे की नाही, हे आणणाऱ्याला ठाऊक नसायचं. त्या रागवत, बोलत, आणि पान वाढत. त्यांच्या लिहिण्यात हा राग लपवलेला नाही. म्हणूनच मला त्यांची भक्ती खरी वाटते. रागावूनही पान वाढणं हे मी देवपुरातल्या बायांमध्ये फार पाहिलं आहे.

त्या घरात वाढलेल्यांतला एक तर आपल्या खानदेशचाच. धरणगावला १८९० साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. त्याच्यावर लिहिताना त्यांनी थोर कवीची तसबीर रंगवलेली नाही. रुसणारा, मनस्वी, जेवायला बोलावलं तर हट्ट धरणारा घरचा मुलगाच त्यांनी डोळ्यांसमोर उभा केला आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून तो गेला. तेव्हा त्याला अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. जळगाव-भुसावळ प्रवासात भादली मागे पडतं तेव्हा बालकवींची आठवण काढणारे खूप आहेत. पण बालकवींना ज्या माउलीने जेवू घातलं तिची आठवण काढणारे मला फार कमी भेटले.

बालकवींनंतर वर्षभरातच, ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. महाराष्ट्रातल्या मराठी उपासनांत आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य मात्र दहा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या बाईने हे केलं! त्यातल्या काव्याबद्दल जाणकारांचं मत काहीही असो, विधवा होऊन, संसाराची घडी विस्कटलेली असताना घेतलेलं काम त्यांनी तडीस नेलं, याला माझ्या लेखी मोल आहे.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या मागून आला. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याने आईच्या पाठीमागे लागून हे लिहवून घेतलं. त्याने आईला 'तुझी श्रद्धा सांग' असं म्हटलं असतं, तर कदाचित चार प्रार्थना मिळाल्या असत्या. घरात काय घडलं ते सांग म्हटल्यावर भांडणं, पाहुणे, उसनवारी, आजारपणं, रडणं-हसणं सगळं बाहेर आलं आणि त्यातून श्रद्धाही दिसली.

हे ध्यानात आल्यापासून मी माझी पद्धत बदलली. आता मी कुणी जाण्याची वाट पाहत नाही. दुपारी भाकरी-भाजीची आवराआवर झाली की जाऊन बसते. सेवा काय केली, असं विचारतच नाही. एवढी माणसं आली तर कोणत्या पातेल्यात शिजवायच्या, सरपण कुठलं, नवरा काय म्हणायचा, पहिल्यांदा चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना पाय कापले का, असं विचारते. मग त्याच 'मी काय करं' म्हणणाऱ्या आजींच्या जातकुळीतल्या बाया दिवेलागण होईपर्यंत थांबत नाहीत. एकीने मला सांगितलं, पंक्तीत आधी लांबून आलेल्याला वाढायचं आणि पाळकांना शेवटी, कारण पाळकांचं घर जवळ आहे. हे वाक्य मी तिच्या कागदासाठी जपून ठेवलं आहे. ती हयात आहे, ठणठणीत आहे.

मंडळी कुठलीही असो, मंदिरातली भजनी मंडळाची बाई असो, मशिदीच्या गल्लीत सगळ्यांची बाळंतपणं करणारी असो, तुमच्या माहितीत अशी एखादी नक्की आहे. येत्या रविवारी एक रेघांची वही घ्या आणि तिच्याकडे जा. तिच्याच बोलीत लिहा, अहिराणी असेल तर अहिराणीत. गावांची नावं आणि सालं तिच्याकडून तिथल्या तिथे पक्की करून घ्या आणि लिहिलेलं तिला एकदा वाचून दाखवा. हे काम तिच्या नातवंडांनी केलं तर फारच उत्तम, पण त्यांच्यावर टाकून तुम्ही थांबू नका.