घडीचा कागद आणि स्कॅनरची काच

मराठवाड्यातल्या पिंगळीसारख्या गावात स्कॅनर घेताना दुकानदार आधी वेग सांगतो: मिनिटाला इतकी पानं. पण इथल्या घरांत स्कॅन करायचं असतं ते बहुधा जुनं खरेदीखत, नाहीतर 1948 पूर्वीच्या निजामी राजवटीतला उर्दू कागद. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि अशा कागदांची किंमत मराठवाड्याला नव्याने कळली. घड्यांवर विरलेला कागद वेगवान स्कॅनरच्या रोलरमधून ओढणं म्हणजे तो फाडायला देणंच. म्हणून सपाट काचेचाच स्कॅनर घ्यावा, तोही जमल्यास सीसीडी सेन्सरचा. स्वस्त सीआयएस सेन्सरला काचेपासून जरा उचललेली घडी धूसर दिसते.

मोबाइल असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. आधार कार्डापुरता मोबाइल पुरतो. पण हात हलतो, सावली पडते, फिकट शाई हरवते. स्कॅनरवर 300 डीपीआयला ए-फोर पान सुमारे 87 लाख बिंदूंचं होतं, वाचायला तेवढं पुष्कळ. 600 ला बिंदू चौपट होतात, ते फक्त पुसट शिक्क्यांसाठी ठेवावेत. काचेची एक अडचण मात्र खरी आहे: ती बहुधा ए-फोरच्या मापाची असते. ए-फोरची लांबी 297 मिलिमीटर, लीगल कागदाची 356. तो दोन तुकड्यांतच घ्यावा लागतो.