वीजबिलातील सवलत : आपल्या हक्काचा पैसा

बँकेच्या काउंटरवर बसून एक गोष्ट नेहमी जाणवते. सवलतींची माहिती सुस्थितीतल्या माणसाला असते; ज्याला दहा रुपयेही जड जातात, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

म्हणून प्रथम आपले बिल नीट वाचावे. महावितरणचे बिल सात दिवसांच्या आत भरल्यास एक टक्का सूट मिळते. घराला तशीच लहान दुकानालाही. छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेतल्यास दर बिलामागे १० रुपये सुटतात.

मोठी रक्कम मिळते ती सौरऊर्जेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. घराच्या छतावर १ किलोवॅटचा संच बसविल्यास ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा अधिक असल्यास ७८,००० रुपये अनुदान आहे. दुकानाच्या जोडणीस ते मिळत नाही. संच बसून तपासणी झाल्यावर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. तेव्हा 'अनुदान मिळवून देतो' म्हणत रोख मागणाऱ्यापासून सावध राहावे.

आपल्याकडे अनेक मीटर अजून दिवंगत वडिलांच्या नावे आहेत. ते नाव आधी बदलून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनी वस्तीतील निदान दोन घरांची बिले वाचून द्यावीत. शिक्षणाचा तोही उपयोगच आहे.